एका शहराने दिलेला शब्द: डेट्रॉइटचे पोलीस, अग्निशामक आणि त्यांचा आरोग्य विमा

१ मार्च २०१४ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने आपल्या निवृत्त कर्मचाऱ्यांची जुनी आरोग्य विमा योजना बंद केली. या निवृत्तांत पोलीस होते, अग्निशामक होते, पाणीपुरवठ्यापासून ग्रंथालयापर्यंतचे कारकून आणि कामगारही होते. ज्यांचे वय पासष्टच्या आत होते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातावर महिन्याला १२५ डॉलर ठेवण्यात आले आणि स्वतःचा विमा बाजारातून स्वतःच घ्यावा, असे सांगण्यात आले.

त्याच शहरात, त्याच महिन्यांत, त्याच माणसांचे निवृत्तिवेतन वाचावे म्हणून राज्य सरकार, मोठे धर्मादाय न्यास आणि एक कलासंग्रहालय मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करण्याची खटपट चालली होती. ती रक्कम पुढे उभीही राहिली. विम्यासाठी मात्र असा कोणी दाता पुढे आला नाही.

दोन्ही आश्वासने एकाच मालकाने, एकाच नोकरीच्या बदल्यात दिली होती. मग एकासाठी एवढी धावाधाव आणि दुसरे एका पत्राने रद्द, हे कसे घडले? या धाग्यात तेवढाच प्रश्न घेतला आहे. उत्तर मात्र शंभर वर्षे मागे जाऊन शोधावे लागते, म्हणून धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.

आधी मराठी वाचकाच्या मनात येणारी एक शंका दूर करतो. पोलिसांच्या औषधपाण्याचा खर्च शहराकडे कसा? आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचे असतात आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असलेली आरोग्य योजनाही राज्य सरकारच चालवते. परंतु मुंबईतही पूर्वी हे इतके स्वच्छ नव्हते. एकोणिसाव्या शतकात पोलिसांच्या खर्चाचा वाटा मुंबईच्या नगरपालिकेला उचलावा लागे आणि त्यावरून तिचे सरकारशी खटके उडत. १९०७ च्या कायद्याने हा खर्च सरकारने स्वतःकडे घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, दवाखाने आणि लसीकरण यांचा भार महापालिकेवर टाकला. अग्निशमन दलाची वाट उलटी आहे: ते आधी पोलीस आयुक्तांच्या हाताखाली होते, १८८८ च्या कायद्याने आगीपासून रक्षणाचे काम महापालिकेकडे आले आणि आजही तिच्याकडेच आहे. म्हणजे मुंबईचा शिपाई राज्याचा आणि बंबावरचा जवान शहराचा. अमेरिकेत ही दोन्ही खाती मुख्यतः शहराचीच राहिली. पगार, गणवेश, निवृत्तिवेतन, आजारपण हे सारे शहराच्या तिजोरीतून, म्हणजे प्रामुख्याने तिथल्या घरपट्टीतून आणि स्थानिक करांतून.

आता मूळ कथेकडे.

अमेरिकी शहरांत आग विझवणे हे प्रथम हौशी स्वयंसेवकांचे काम होते. ही मंडळी आपसांत निधी गोळा करीत. न्यूयॉर्कच्या अग्निशामकांचा असा निधी १७९८ साली कायद्याने नोंदला गेला. जखमी सोबत्याला, मेलेल्याच्या विधवेला आणि मुलांना त्यातून मदत मिळे. सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये पूर्ण पगारी अग्निशमन दल उभारले आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत इतर मोठ्या शहरांनी तोच मार्ग धरला. न्यूयॉर्कने १८५७ मध्ये कर्तव्यावर जायबंदी झालेल्या पोलिसांसाठी भरपाईची तरतूद केली. या काळातली शहराची जबाबदारी अशी मर्यादित होती: कामावर हाड मोडले तर शहर बघेल. घरी न्यूमोनिया झाला, बायकोचे बाळंतपण अडले, तर ते ज्याचे त्याने पाहावे.

१९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संप केला. १,५४४ पैकी १,११७ जण कामावरून उठले. पगार तुटपुंजा, गणवेश स्वतःच्या पैशाने शिवायचा, चौक्यांत उंदीर. राज्यपाल कॅल्विन कूलिज यांनी कणखर भूमिका घेतली, एकालाही परत घेतले गेले नाही आणि त्या कणखरपणाच्या कीर्तीवर कूलिज पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. गंमत अशी की बडतर्फ झालेल्यांच्या जागी जे नवे भरती झाले त्यांना वाढीव पगार मिळाला आणि गणवेशही फुकट मिळाला. मागणी मान्य, मागणारे मात्र रस्त्यावर. या घटनेनंतर जवळजवळ दोन पिढ्या अमेरिकेत पोलिसांची संघटना हा शब्दच संशयाने पाहिला गेला. अग्निशामकांची राष्ट्रीय संघटना त्याच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये स्थापन झाली होती. ती टिकली, पण संपाचे नाव काढण्याची सोय तिलाही उरली नाही.

आरोग्य विमा ही कल्पना शहरी नोकरांपर्यंत पोहोचली ती याच्या दहा वर्षांनी. १९२९ मध्ये डॅलस येथील बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांशी करार केला: महिन्याला ५० सेंट द्या, वर्षाला २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय घ्या. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाने देशभर पसरलेल्या विम्याचे मूळ इथे आहे. यात पैसे शिक्षकांचेच होते; मालकाने काही घातले नव्हते. मालक म्हणून शहराने हात घातला तो न्यूयॉर्कमध्ये. महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या लक्षात आले होते, की पालिकेचे नोकर आपल्या पतपेढीतून जी कर्जे काढतात त्यांतली बरीचशी आजारपणासाठी असतात. त्यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये शहरासाठी एक आरोग्य योजना स्थापन झाली आणि १९४७ पासून ती चालू झाली. हप्त्याचा अर्धा भाग नोकराचा, अर्धा शहराचा. पुढे १९६७ च्या स्थानिक कायद्याने न्यूयॉर्कने नोकर, निवृत्त आणि त्यांचे कुटुंबीय यांचा विमाखर्च स्वतःवर घेतला. हे कायद्यात लिहिले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवावी. लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या शब्दांतला फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

डेट्रॉइटमध्ये वारे वेगळ्या दिशेने आले: मोटार कारखान्यांकडून.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने खासगी कारखान्यांतील वेतनवाढ गोठवली, पण विमा आणि तत्सम सवलतींना त्यातून मोकळीक ठेवली. कामगार मिळवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला विम्याचा हप्ता नोकराच्या करपात्र उत्पन्नात धरू नये, हे पक्के केले. म्हणजे शंभर डॉलर पगारात वाढवले तर त्यावर कर, विम्यात घातले तर पूर्णच्या पूर्ण हाती. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार-कामगार संघटना यांच्यात जो पाच वर्षांचा करार झाला, त्याला ‘डेट्रॉइटचा तह’ असेच नाव पडले. कंपनीने विम्याचा अर्धा हप्ता मान्य केला. साठच्या दशकात तो पूर्ण झाला आणि निवृत्त कामगारही त्यात आले.

आता त्या शहरातील एका गल्लीची कल्पना करावी. एका घरात मोटार-कामगार, शेजारच्या घरात पोलीस, पलीकडे अग्निशामक. पहिल्याचा दवाखान्याचा खर्च कंपनी उचलते. आगीत शिरणारा मनुष्य मात्र डॉक्टरचे बिल हप्त्याहप्त्याने फेडतो. शहराच्या नोकरांनी हीच सवलत मागितली यात आश्चर्य काय? माझ्या मते महापालिकेचा आरोग्य विमा हा तिथे कोणत्याही धोरणाचे अपत्य नव्हता; तो शेजाऱ्याच्या करारपत्राची नक्कल होता. फरक इतकाच, की शेजाऱ्याचा मालक मोटारी विकून पैसे मिळवीत होता आणि यांचा मालक त्या शेजाऱ्यावर कर बसवून.

इथे एक कायदेशीर खाचखळगा समजून घ्यावा लागतो, कारण त्यातच पुढच्या वेदनेचे बीज आहे. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा आला तेव्हा राज्ये आणि शहरे यांच्या नोकरांना त्यातून वगळले होते. केंद्र सरकारने राज्यांवर असा कर बसवणे घटनेत बसते का, अशी शंका होती. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी हळूहळू दार उघडले, तरी ज्यांची स्वतःची निवृत्तिवेतन योजना होती असे पोलीस आणि अग्निशामक तेव्हाही बाहेर ठेवले गेले. त्यांच्या संघटनांनाही आत यायचे नव्हते. त्यांची योजना अधिक चांगली होती: २०-२५ वर्षे सेवा केली की पन्नाशीच्या आसपास निवृत्ती. १९६५ मध्ये पासष्टीनंतरच्या नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ आली, तेव्हा तिचा हक्कही त्याच कराशी जोडलेला होता. ३१ मार्च १९८६ नंतर भरती झालेल्या शहरी नोकरांना मेडिकेअरचा कर सक्तीचा झाला. त्याआधी लागलेल्यांपैकी अनेकांचे या योजनेत खातेच नव्हते.

डेट्रॉइटचे पोलीस आणि अग्निशामक आजही सामाजिक सुरक्षेच्या बाहेर आहेत. याचा अर्थ असा, की पन्नाशीत निवृत्त झालेल्या पोलिसाला पासष्टीपर्यंत, आणि काहींना त्यानंतरही, शहराच्या विम्याखेरीज दुसरा आधार नव्हता. इतर नोकरांना जो विमा सोय वाटे, तो यांच्यासाठी छप्पर होता.

हे काम शरीराला काय करते, तेही एका परिच्छेदात सांगतो. आगीत भाजणे, जिन्यावरून पडणे यांची भरपाई अपघाताच्या कायद्यांतून मिळते. पण धुरातली विषे वीस वर्षांनी कर्करोग होऊन बाहेर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगजनक कारणांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खात्रीच्या गटात घातला. आग कोणत्या दिवशीची, ते सिद्ध करता येत नाही. त्यामुळे आजार येतो तो निवृत्तीनंतर, आणि त्याचे बिल येते आरोग्य विम्याच्या दारात.

आता साठच्या दशकातला डेट्रॉइट. १९६५ मध्ये मिशिगन राज्याने सरकारी नोकरांना संघटित होऊन करार करण्याचा हक्क दिला, पण संपावर बंदी कायम ठेवली. जून १९६७ मध्ये डेट्रॉइटचे पोलीस वेतनाच्या वादात शेकड्यांनी एकाच वेळी ‘आजारी’ पडले. गणवेशाच्या निळ्या रंगावरून या साथीला ‘ब्लू फ्लू’ म्हटले गेले. संप करता येत नसेल तर ताप तरी येऊ शकतो. महिन्याभरात, २३ जुलैला, शहर पेटले. एका अवैध दारूच्या गुत्त्यावरील पोलीस छाप्यातून सुरू झालेल्या त्या उद्रेकात ४३ माणसे मेली, शेकडो इमारती जळाल्या, लष्कर बोलवावे लागले. कृष्णवर्णीय वस्त्यांचा या पोलीस दलावरील राग कसा साचत गेला होता, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. इथे तो एका वाक्यात उरकणे मला योग्य वाटत नाही, म्हणून सोडतो.

१९६९ मध्ये राज्याने कायदा केला: पोलीस आणि अग्निशामक यांचा शहराशी करार जमला नाही तर लवाद निर्णय देईल आणि तो दोघांनाही बंधनकारक राहील. संपाचे हत्यार काढून घेतल्याची ही भरपाई होती. या कायद्यामागे उभे राहिलेल्या राज्य सिनेटरांत डेट्रॉइटचे कोलमन यंग होते. १९७४ मध्ये ते शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, वीस वर्षे राहिले, आणि त्याच लवादाचे कठोर टीकाकार बनले. तिजोरी शहराची आणि खर्चाचा आकडा बाहेरच्या माणसाने ठरवायचा, हे महापौराच्या खुर्चीतून वेगळे दिसले. यंग यांना यात दोष द्यावा असे मला वाटत नाही. दोन्ही वेळा ते बरोबर होते असेही म्हणता येईल.

करार घडताना विम्याचे काय होई, ते पाहण्यासारखे आहे. समजा यंदा पगारवाढीला पैसे नाहीत. महापौर म्हणतो, पगार नको, निवृत्तीनंतरचा विमा वाढवून देतो. संघटना मान्य करते; सभासदांना सांगायला काहीतरी मिळाले. महापौरालाही बरे, कारण या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचा खर्च शून्य. आज तिशीत असलेला शिपाई निवृत्त होणार वीस वर्षांनी. तेव्हा महापौर दुसराच असेल. आपल्याकडे दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. अमेरिकी शहरांनी ती पाटी उलटी टांगली होती.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत असे करणे कठीण होते. मिशिगनची राज्यघटना १९६३ मध्ये मतदारांनी मंजूर केली. तिच्यात दोन गोष्टी आहेत: सरकारी निवृत्तिवेतनाचा कमावलेला आर्थिक लाभ हा कराराइतका पक्का आहे, तो कमी करता येणार नाही, आणि ज्या वर्षीच्या सेवेतून तो लाभ उपजतो, त्याची रक्कम त्याच वर्षी बाजूला टाकली पाहिजे. म्हणजे हक्काला कायद्याचे कुलूप आणि आत खरोखरचे पैसे. घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे निवृत्तांचा आरोग्य विमा नसावा. तो अजून बाल्यावस्थेत होता. त्यामुळे विम्यासाठी ना कुलूप झाले, ना पेटी.

आणि हिशेबही झाला नाही. डेट्रॉइट निवृत्तांची बिले त्या त्या वर्षीच्या उत्पन्नातून भरत असे. पुढच्या तीस वर्षांत एकूण किती द्यावे लागेल, हे ताळेबंदात मांडण्याची सक्ती अमेरिकेतील कोणत्याच शहरावर नव्हती. सरकारी हिशेबांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २००४ मध्ये असा नियम केला आणि मोठ्या शहरांना तो २००६ च्या अखेरीपासून लागू झाला. चाळीस वर्षे दिलेल्या शब्दांची बेरीज तेव्हा प्रथमच कागदावर आली. अनेक शहरांच्या कारभाऱ्यांना तो आकडा पाहून घाम फुटला असणार.

दरम्यान डेट्रॉइट आटत गेले होते. १९५० मध्ये लोकसंख्या साडेअठरा लाख. २०१० मध्ये ७ लाख १४ हजार. कारखाने उपनगरांत आणि दक्षिणेत गेले, गोरा मध्यमवर्ग गेला, त्यामागोमाग कृष्णवर्णीय मध्यमवर्गही गेला. कर भरणारी घरे ओस पडली आणि ओस घरे जळू लागली. ३० ऑक्टोबरच्या रात्रीला तिथे ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणतात. १९८४ साली त्या सुमाराच्या तीन दिवसांत ८०० हून अधिक आगी लागल्या. लोकसंख्या घटली म्हणून अग्निशामकांचे काम घटले नाही, उलट वाढले. पैसे मात्र लोकसंख्येच्याच मागे गेले. २०१३ पर्यंत अशी स्थिती आली, की शहराचे निवृत्त कर्मचारी कामावर असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते.

मार्च २०१३ मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी केव्हिन ऑर या वकिलांना शहराचे आणीबाणी-प्रशासक नेमले. निवडून आलेला महापौर आणि नगरसेवक यांच्या डोक्यावरून कारभार त्यांच्या हाती आला. जूनमध्ये त्यांनी सावकारांपुढे जी माहिती ठेवली तिच्यात निवृत्तांच्या आरोग्य विम्याचा आकडा होता: ५.७ अब्ज डॉलर. त्यापैकी ९९.६ टक्के रकमेसाठी कसलीही तरतूद नव्हती. म्हणजे शंभर डॉलरच्या वचनामागे पेटीत ४० सेंट. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकूण देणी सुमारे १८ अब्ज डॉलर; अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या मोठ्या शहराची एवढी मोठी दिवाळखोरी झालेली नव्हती.

डिसेंबरमध्ये न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निर्णय दिला, की दिवाळखोरीच्या केंद्रीय कायद्यापुढे राज्यघटनेचे ते कलमही आडवे येत नाही. निवृत्तिवेतनातही कपात होऊ शकते. म्हणजे कुलूप तुटले. तरीही त्याचा उपयोग झाला, आणि तो कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. घटनेत लिहिलेला हक्क मोडायचा तर राज्यकर्त्यांना लाज वाटते, न्यायालयाला अपिलाची धास्ती वाटते, वृत्तपत्रांना मथळा मिळतो. शिवाय सावकारांचा डोळा शहराच्या कलासंग्रहालयातील चित्रांवर होता. ती विकावी लागू नयेत म्हणून धर्मादाय न्यासांनी ३६.६ कोटी डॉलर, संग्रहालयाने १० कोटी आणि राज्याने वीस वर्षांत ३५ कोटी देण्याचे मान्य केले. चित्रे वाचली आणि सगळा पैसा निवृत्तिवेतन निधीत गेला. अंतिम योजनेत इतर निवृत्तांचे वेतन साडेचार टक्क्यांनी घटले आणि महागाईवाढ बंद झाली. पोलीस-अग्निशामकांचे मूळ वेतन तसेच राहिले, महागाईवाढ निम्म्याहून कमी झाली. मतदानात पोलीस-अग्निशामकांच्या गटाने ८२ टक्क्यांनी आणि इतर निवृत्तांनी ७३ टक्क्यांनी ही योजना स्वीकारली.

विम्याचे काय? त्याच्याबाबत मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच, शाळा-कर्मचाऱ्यांच्या एका खटल्यात, सांगून ठेवले होते: घटनेतील शब्द ‘कमावलेला आर्थिक लाभ’ असे आहेत आणि आरोग्य विमा हा तसा लाभ नव्हे. त्यामुळे ऑर यांना तिथे कोणाची लाज धरण्याचे कारण नव्हते. आणखी एक योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य कायद्याखालील विमा-बाजार १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडला होता आणि १ जानेवारी २०१४ पासून जुन्या आजाराच्या सबबीवर विमा नाकारणे बेकायदा झाले होते. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअरशी जोडलेल्या योजनांकडे आणि खालच्यांना या बाजाराकडे वळवता आले. गोरगरिबांसाठी केलेल्या सोयीवर शहराने आपला भार अलगद उतरवला. दुसरीकडे असेही म्हणता येते, की तो बाजार दोन-चार वर्षे उशिरा आला असता तर हृदयविकार असलेल्या पंचावन्न वर्षांच्या निवृत्त पोलिसाला कोणी विमा दिलाच नसता.

शेवटच्या तडजोडीत विम्याच्या सुमारे ४.३ अब्ज डॉलरच्या दाव्यापोटी निवृत्तांच्या दोन न्यासांना, एक पोलीस-अग्निशामकांचा आणि एक इतरांचा, मिळून ४५ कोटी डॉलरच्या आसपास किमतीचे कर्जरोखे मिळाले. डॉलरला दहा सेंट. यापुढे कोणाला किती द्यायचे, हे त्या न्यासांनी ठरवायचे होते. शहराचा संबंध संपला.

डेट्रॉइट एकटे नव्हते. कॅलिफोर्नियातील व्हालेहो हे सव्वा लाखाच्या आतले शहर मे २००८ मध्ये दिवाळखोर झाले. त्याच्या सर्वसाधारण निधीतील सुमारे तीन चतुर्थांश रक्कम पोलीस आणि अग्निशामक यांच्यावर खर्च होत होती. तिथे निवृत्तांच्या विम्याची मदत महिना ३०० डॉलरवर आणली गेली. स्टॉकटनने नव्वदच्या दशकातल्या तेजीत निवृत्तांना जन्मभराचा विमा कबूल केला होता. २०१२ मध्ये ते शहर बुडाले तेव्हा सुमारे ५४.५ कोटी डॉलरच्या दाव्यापोटी निवृत्तांना मिळाले ५१ लाख, म्हणजे डॉलरला एक सेंटही नाही. निवृत्तिवेतनाला मात्र तिथेही हात लागला नाही.

आणि शेजारच्या इलिनॉय राज्यात? तिथल्या घटनेतही निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचे कलम आहे, पण त्यात नुसता ‘लाभ’ हा शब्द आहे. मागे ‘कमावलेला आर्थिक’ हे विशेषण नाही. जुलै २०१४ मध्ये, म्हणजे डेट्रॉइटचे निवृत्त योजनेवर मतदान करत होते त्याच महिन्यात, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या निवृत्त नोकरांच्या बाजूने निकाल दिला: आरोग्य विम्याचे अनुदान हाही लाभच आहे आणि तो घटवता येणार नाही. संहितेतील एकेका शब्दावर आमचे प्राध्यापक तास तास घालवतात तेव्हा वर्गात मागे जांभया सुरू असतात. एका विशेषणावर किती माणसांचे औषधपाणी अवलंबून असू शकते, याचे हे उदाहरण मी त्यांना सांगणार आहे.

न्यायाधीश ऱ्होड्स यांनी ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजना मंजूर केली आणि १० डिसेंबरला डेट्रॉइट दिवाळखोरीतून बाहेर पडले. न्यासांना दिलेल्या रोख्यांची मुदत तीस वर्षांची आहे. १९८५ मध्ये, मेडिकेअरचा कर सक्तीचा होण्याच्या आदल्या वर्षी, तेविसाव्या वर्षी जो तरुण डेट्रॉइटच्या अग्निशमन दलात लागला असेल, तो ती मुदत संपेल तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा असेल.